परीक्षा मुलांची, उपवास घराचा



गेल्या रविवारी दहावी-बारावीच्या मुलांसाठी आपण विशेष मिस्सा अर्पण केली. मिस्सेनंतर मुले वेदीपुढे रांगेने आली. कोणी हॉल तिकीट आणले होते, कोणी कंपासपेटी, कोणी रबर लावून बांधलेली पाच-सहा पेने. आम्ही एकेकावर पवित्र पाणी शिंपडत होतो. तेवढ्यात एका आईने मुलाच्या खिशातला मोबाइल काढून आमच्यापुढे धरला आणि म्हणाली, "फादर, ह्याच्यावर पण मारा दोन थेंब. ह्यातलं भूत एकदाचं जाऊ दे." मागची माणसे हसली, आम्हीही हसलो. मुलगा मात्र हसला नाही. त्याने मान खाली घातली आणि फोन परत मिळेपर्यंत ती वर केली नाही.

येत्या बुधवारी आपण कपाळाला राख लावून घेणार. बारावीच्या परीक्षा सुरू झाल्या आहेत, दहावीचा पहिला पेपर तोंडावर आहे. सीईटी आणि नीटवाल्या मुलांना तर पुनरुत्थान सणानंतरही सुट्टी नाही. उपवासकाळ आणि परीक्षेचा काळ आपल्याकडे दरवर्षी असे हातात हात घालून येतात. उपवासकाळात काय सोडणार, असे ह्या आठवड्यात आम्ही बऱ्याच जणांना विचारले. कोणी मटण-मासळी सोडणार आहे, कोणी शनिवारची बाटली. पण सात-आठ घरांतून एकच उत्तर आले: "फादर, यंदा पोराचा मोबाइल बंद."

उत्तर मनापासूनचे होते, ह्यात शंका नाही. परंतु बंधुभगिनींनो, जरा थांबून पाहू या. हा उपवास धरणार कोण? ठरवले आईवडिलांनी, उपाशी राहायचे मुलाने. दुसऱ्याच्या पोटावर उपवास धरण्याची पद्धत आपल्या ख्रिस्तसभेत कधीच नव्हती.

लूकच्या शुभवर्तमानात बारा वर्षांच्या येशूची गोष्ट आहे. लहानपणापासून आपण ती ऐकत आलो आहोत. वल्हांडणाचा सण आटोपून मरिया आणि योसेफ नाझरेथला परत निघाले आणि येशू जेरुसलेमलाच राहिला. आपण ऐकताना तीन दिवसांच्या शोधावर आणि मंदिरातल्या गुरुजनांवर थांबतो. त्याच्या आधीचे वाक्य आपल्या कानावरून निसटून जाते. आईवडील एक दिवसाची वाट चालून गेले, कारण मुलगा तांड्यात असेल असे त्यांना वाटले. मरियेसारखी आई, योसेफासारखा बाप, आणि तरीही पूर्ण एक दिवस त्यांना पत्ता नव्हता. त्यांचे दुर्लक्ष झाले असे आम्ही म्हणत नाही. नातेवाइकांचा मोठा घोळका होता, पोरे पुढेमागे पळत असतील, बापाला वाटले असेल आईजवळ आहे, आईला वाटले असेल बापाजवळ आहे.

आज आपल्या घरात असेच होते. रात्री दहा वाजता आजाऱ्याला पाहून परतताना आम्ही वाडीतून येतो. घरोघरचे दिवे बंद असतात. एका खिडकीत निळा उजेड, दुसऱ्या खिडकीत निळा उजेड, पडवीत झोपाळ्यावर तिसरा. आईला वाटते मुलगा आत अभ्यास करतो आहे. मुलाला वाटते आई झोपली. बाप तर आत्ता घरी पोहोचला आहे. सगळा तांडा एका छपराखाली चालला आहे, आणि कोण कुठे राहून गेले ते कोणाला ठाऊक नाही. राखेच्या बुधवारी आपण जे शुभवर्तमान वाचतो त्यात प्रभू सांगतो, प्रार्थना करायची तर खोलीत जा आणि दार लावून घे. आता मुले खोलीत जातात, दारही लावतात, पण अख्खी दुनिया बरोबर घेऊन आत जातात.

गेल्या वर्षी घडलेली एक गोष्ट सांगतो. त्या घराची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटू नये म्हणून एकदोन तपशील बदलले आहेत. ही पापनिवेदनातली गोष्ट नव्हे, हेही सांगून ठेवतो.

जानेवारीत दहावीचा एक मुलगा संध्याकाळी पॅरिश हाऊसवर आला. आमच्यापैकी एकाशी त्याला बोलायचे होते. तो बसला, "फादर, एक सांगायचं होतं" म्हणाला, आणि टेबलावरचा फोन वाजला. लग्नाच्या तारखेची विचारणा होती. फोन ठेवला, मुलाने पुन्हा तोंड उघडले, पुन्हा फोन. मग धर्मग्राम परिषदेच्या गटावर काही निरोप आले, त्यांना उत्तर देणे भाग पडले. म्हणजे भाग पडले असे त्या वेळी वाटले. वर पाहिले तेव्हा मुलगा उठून उभा होता. "फादर, नंतर येतो," म्हणाला. तो नंतर आला नाही.

तीन आठवड्यांनी त्याची आजी आली. पूर्वपरीक्षेत गणित आणि विज्ञान दोन्ही गेले होते. बापाला निकाल कळला त्या रात्री त्याने मुलाच्या हातून फोन हिसकावला आणि मागच्या बावखलात फेकून दिला. बारा हजारांचा फोन, हप्ते अजून चालू. मुलगा ओरडला नाही की रडला नाही. तो बोलायचाच थांबला. जेवतो, शाळेत जातो, पुस्तक उघडून बसतो, पण घरात कोणाशी शब्द नाही. "पान तर उलटतच नाही फादर," आजी म्हणाली, "मी समोरच बसून बघते ना."

त्या रात्री आम्ही त्यांच्या घरी गेलो. जाताना दोन्ही फोन पॅरिश हाऊसच्या खणात ठेवून गेलो. हे चांगुलपण नव्हते, शरम वाटत होती. बाप नुकताच घरी आला होता. पहाटेच्या लोकलने वसईहून चर्चगेट, रात्री नऊला परत, येताना बसायला जागा मिळाली तर मिळाली. तो वाईट माणूस नाही. मुलासाठीच राबतो आणि तसे म्हणूनही दाखवतो, जे मुलांना ऐकायला अवघड जाते. आम्ही दोघांना समोरासमोर बसवले. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग मुलगा आमच्याकडे पाहून, बापाकडे न पाहता म्हणाला, "पप्पांना पण ठेवायला सांगा."

बाप चिडला. म्हणाला, "दिवसभर उभं राहून येतो, अर्धा तास बघतो मी, तेवढी पण करमणूक नको का?" त्याचेही खरेच होते. तेवढ्यात आई हळूच म्हणाली, "अर्धा तास नाही ओ. साडेअकरा होतात." आणि लगेच, "माझे पण होतात."

संत पौलाने कलस्सैकरांना लिहिलेल्या पत्रात बापांना उद्देशून एक सूचना आहे: मुलांना चिडीला आणू नका, नाहीतर ती खचून जातील. खचून जातील, हा शब्द पाहा. मूल बिघडेल, उद्धट होईल असे पौल म्हणत नाही. फोन बावखलात गेला त्या रात्री त्या मुलाचे नेमके हेच झाले होते.

ह्यावर कोणी म्हणेल, मग काय मुलांना मोकळे सोडायचे? नाही. मोबाइल भूत नसला तरी निरुपद्रवीही नाही. पुस्तकाला शेवटचे पान असते. मालिकासुद्धा अर्ध्या तासाने संपते आणि उद्यापर्यंत वाट पाहायला लावते. रीलला शेवट नाही. एक संपायच्या आत दुसरी आलेली असते, आणि कधी थांबायचे हे ठरवण्याचे सगळे ओझे पंधरा वर्षांच्या मुलाच्या अंगठ्यावर येऊन पडते. उपवासकाळाच्या पहिल्या रविवारी आपण येशूच्या मोहाचा प्रसंग ऐकणार आहोत. लूकने तो लिहिताना एक बारीक गोष्ट नोंदली आहे: सैतानाने येशूला जगातली सारी राज्ये क्षणभरात दाखवली. चालायला नको, चढायला नको, एका क्षणात सारे जग. अभ्यासाची चाल त्याच्या अगदी उलट आहे. भूमितीचे एक प्रमेय डोक्यात बसायला तीन संध्याकाळी लागतात, आणि मध्येच एक निरोप टुंग करून वाजला की मन पुन्हा त्या जागी यायला वेळ घेते. असे तासात पाच वेळा झाले तर पुस्तकापुढे तासभर बसूनही अभ्यास झालेला नसतो. मुलालाही ते कळते आणि त्याची भीती वाढते. मग त्या भीतीपासून पळायला तो पुन्हा फोनच हातात घेतो. आळशी म्हणून आपण ज्यांना बोलतो, त्यातली कितीतरी मुले घाबरलेली असतात.

झोपेबद्दल तर आम्ही हात जोडून सांगतो. दिवसा वाचलेले डोक्यात पक्के बसते ते झोपेत. रात्री एकपर्यंत अंथरुणात फोन पाहणाऱ्या मुलाची झोप तर जातेच, संध्याकाळी केलेला अभ्यासही सैल होतो. तीच गोष्ट रात्रभर जागून पाठांतर करणाऱ्याची. पहाटे चारला मुलाला उठवणाऱ्या आया आमच्या धर्मग्रामात पुष्कळ आहेत. उठवा, पण मग तो नऊला झोपला होता ना, तेही पाहा.

आणि एक कबूल करायला हवे. फोन मुलांच्या हातात दिला कोणी? दिवंगत पोप फ्रान्सिस ह्यांनी 26 फेब्रुवारी 2020 रोजी, त्या वर्षीच्या राखेच्या बुधवारी, लोकांना सांगितले होते की उपवासकाळ हा टीव्ही बंद करून बायबल उघडण्याचा आणि फोनपासून तुटून शुभवर्तमानाशी जोडले जाण्याचा काळ आहे. महिना उलटायच्या आत टाळेबंदी लागली. दहावीचा भूगोलाचा पेपर राहिला तो राहिलाच, पुढे रद्द झाला. 2021 साली तर दहावी-बारावीच्या परीक्षाच झाल्या नाहीत. शाळा फोनमध्ये आली, क्लास फोनमध्ये आला, आणि आमची मिस्साही फोनमध्येच आली. त्या दिवसांत घरातल्या घरात मिस्सा पाहून रडलेली म्हातारी माणसे आम्हाला माहीत आहेत. ह्याच फोनचे तेव्हा आपण आभार मानले. कित्येक घरांनी दागिना गहाण ठेवून मुलांना फोन घेऊन दिले. आजही क्लासच्या नोट्स फोनवर येतात, सराव पेपर फोनवर येतात, आणि "फोन बंद" म्हटले की मुलगा खरेच विचारू शकतो, "मग नोट्स कुठून बघू?"

म्हणून त्या घरी आम्ही जे ठरवले ते अगदी साधे होते. येशूच्या पवित्र हृदयाच्या तसबिरीखाली फळी आहे. संध्याकाळी सातच्या घंटेनंतर आईने आपला फोन आणि आजीचा साधा फोनसुद्धा तिथे ठेवायचा. आजीला ह्याचा फार आनंद झाला, कारण कधी नव्हे ते तिचा फोनही मोजण्यात आला. बाप घरी आला की चप्पल काढल्यावर त्याचा फोन तिथे. नोट्स दुपारी आईच्या फोनवर घेऊन त्यातल्या हव्या तेवढ्या कोपऱ्यावरच्या दुकानातून छापून आणायच्या. मुलाने पाऊण तास बसायचे, दहा मिनिटे उठायचे, अंगणात जायचे, पाणी प्यायचे, फळीकडे जायचे नाही. साडेनऊला सगळ्यांनी मिळून एक दशक जपमाळ, मग जेवण. आणि रविवारी दुपारी दोन तास मुलाने बापाच्या फोनवर हवे ते पाहायचे, खेळायचे. त्यावर कोणी बोट ठेवायचे नाही, "परीक्षा आहे हं" असे दारातून डोकावून म्हणायचे नाही. हे शेवटचे कलम आईला सगळ्यांत जड गेले.

पहिले चार दिवस ठीक गेले. पाचव्या दिवशी भारताचा क्रिकेटचा सामना होता आणि बापाचा फोन फळीवर पोहोचलाच नाही. दुसऱ्या दिवशी त्याने स्वतःच पोराला सांगितले, "काल माझं चुकलं." आजी म्हणते, त्या दिवशी दोघे पहिल्यांदा नीट बोलले. जानेवारीत पॅरिश हाऊसवर काय सांगायला आला होतास, असे आम्ही त्याला पुढे विचारले. त्याने सांगितलेही. क्लासमध्ये काही समजत नव्हते, फी भरून झाली होती, आणि घरी कसे सांगावे हे त्याला कळत नव्हते. इतकेच होते. ऐकायला दहा मिनिटे पुरली असती.

त्याला किती टक्के पडले हे बरेच जण विचारतील. ते आम्ही लिहिणार नाही. टक्के चांगले असते तर तुम्ही फळीला जादूची फळी म्हटले असते, आणि वाईट असते तर फळी काढून टाकली असती.

7 सप्टेंबर 2025 रोजी पोप लिओ चौदावे ह्यांनी कार्लो अक्युतिस ह्या मुलाला संत म्हणून घोषित केले. त्याचे चित्र आता आपल्या धर्मशिक्षणाच्या वर्गातही लागले आहे. 1991 साली जन्मलेला, मिलान शहरात वाढलेला हा मुलगा 12 ऑक्टोबर 2006 रोजी रक्ताच्या कर्करोगाने वारला, तेव्हा तो 15 वर्षांचा होता. संगणक त्याचा आवडता. ख्रिस्तप्रसादाशी संबंधित चमत्कारांची माहिती गोळा करून त्याने ती संकेतस्थळावर मांडली. व्हिडिओ गेमही त्याला आवडत, पण आठवड्यातून एकच तास खेळायचे असे त्याने ठरवून घेतले होते. ठरवले त्याने, हे लक्षात घ्या. मात्र कृपा करून घरी जाऊन मुलाला "बघ तो कार्लो" असा टोमणा मारू नका. आज आपल्या मुलांच्या खिशात आहे तसा फोन त्याने कधी पाहिला नव्हता, आणि संतांची नावे चाबकासारखी वापरली की मुले त्या संताजवळ फिरकत नाहीत.

आणखी एक गोष्ट, जिच्याबद्दल आपण धर्मग्रामात कुजबुजतो पण बोलत नाही. परीक्षेच्या दिवसांत एखादे मूल फार गप्प झाले, खाणे सुटले, "मी नसलो तरी चालेल" असे काही गंमतीतही म्हणाले, तर ती गंमत समजू नका. त्याला एकटे सोडू नका, ओरडू नका, शेजारी बसा. सरकारची टेली-मानस ही सेवा 14416 ह्या क्रमांकावर रात्रंदिवस विनामूल्य आहे. तिथे फोन करण्यात देवावरचा विश्वास कमी पडला असे काही नाही. आणि पॅरिश हाऊसचे दार रात्री दोनलाही वाजवा. पेपर अवघड गेला म्हणून कोणत्याही घरातले मूल कमी प्रिय होत नाही, हे त्याला पेपरला जाण्यापूर्वी आपल्या तोंडाने सांगा. आपल्याला वाटते मुलांना ते ठाऊकच आहे. तांड्यात असेल असे वाटते, तसेच.

आता आमच्याकडचे. दोन दिवसांपूर्वी धर्मग्राम परिषदेच्या बैठकीत काही गोष्टी ठरल्या. राखेच्या बुधवारपासून धर्मग्रामाच्या कोणत्याही व्हॉट्सअ‍ॅप गटावर संध्याकाळी सातनंतर सूचना जाणार नाहीत. रात्री अकराला "उद्या सकाळी गायनाचा सराव" असा निरोप पाठवण्याची सवय आम्हीच लावली होती, ती आम्हीच मोडतो. गायनवृंदातल्या दहावी-बारावीच्या मुलांना झावळ्यांच्या रविवारपर्यंत सरावातून सूट आहे. उपवासकाळापूर्वीची शेवटची लग्ने ह्या दोन दिवसांत आहेत. बँडवाल्यांना दहा वाजता थांबवा, अशी त्या घरांना विनंती केली आहे. ती ऐकली जाईल अशी आशा आहे.

गुरुवारपासून सभागृह रोज संध्याकाळी साडेसहा ते साडेनऊ अभ्यासासाठी खुले राहील. ज्यांच्या घरी जागा नाही किंवा शांतता नाही, त्या मुलांनी यावे. आपल्या धर्मग्रामाबाहेरचे शेजारपाजारचे मूल आले तरी त्याला बाक मिळेल, नाव-गाव विचारले जाणार नाही. महिला मंडळाने चहा-बिस्किटांची जबाबदारी घेतली आहे. दोन निवृत्त शिक्षक गणित आणि इंग्रजीसाठी बसणार आहेत.

दाराशी एक लाकडी पेटी असेल, फोनसाठी. तिच्यात सगळ्यांत खाली आमचे दोन फोन असतील. त्या वेळात आजाऱ्याच्या अभ्यंगासाठी फादर हवे असतील, तर पॅरिश हाऊसच्या जुन्या लँडलाइनवर फोन करावा. तो दुरुस्त करून घेतला आहे.